पोटदुखीचा बाक

माझ्या बायकोला, भागूला, जाऊन पाच महिने झाले. सून दोन वेळचं ताट पुढ्यात ठेवते, पोरगं मिलमधून आलं की "बरं हाय का दादा" म्हणतं, आणि दिवस संपतो. बोलायला माणूस नाही. जुन्या माणसांची नावं काढली तर घरातली "कोण ते?" म्हणून विचारतात. तम्मण्णा मास्तरांचं नाव काढल्यावर काही न विचारता गप्प होणारी एकच बाई होती, ती गेली. म्हणून लिहायला बसलोय.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवी पेठेच्या मागच्या अंगाला एक शाळा होती, तिथं मी शिपाई. घंटा, पाण्याचे रांजण, फळे पुसणं, साहेब आले की खुर्ची झटकणं, एवढं काम. शिकलेल्या माणसांत आयुष्य गेलं म्हणून चार ओळी लिहिता येतात. गोड करून सांगता येत नाही. भागू म्हणायची, "तुमच्या तोंडात गुळाचा खडा धरला तरी शब्द कडूच यायचा." तेव्हा कडू लागलं तर लागू द्या.

इंग्रजांनी गावावर लावलेला मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात लोक अजून हळू बोलायचे. तम्मण्णा मास्तर मात्र आधीपासूनच हळू बोलायचे. उंच माणूस, पण दारातून वाकून यायची इतकी सवय की उघड्यावरही वाकूनच चालायचे. काळा कोट, एका कोपराला ठिगळ. छत्री बारा महिने. तोंडात लवंग. अक्कलकोटकडचे, घरी म्हाताऱ्या आईशी कानडीत बोलायचे. बायको तरुणपणीच वारली होती, दुसरं लग्न केलं नाही. पोरबाळ नाही. शाळेत गणित शिकवायचे. छडी त्यांच्या वर्गात होती, पण ती खिडकी उघडी ठेवायला लावलेली.

खोटं मात्र त्यांना चालायचं नाही. कुणी पोरगं खोटं बोलताना सापडलं की ते म्हणायचे, "जा, लिंबाला खरं सांगून ये." आवारात कडुलिंब होता. पोरानं जाऊन त्या खोडाला तोंड लावायचं, जे खरं असेल ते बोलायचं आणि परत वर्गात यायचं. काय सांगितलंस ते मास्तर विचारायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, पोरगं लिंबाला पण खोटं सांगत आसंल की."

"सांगू दे. तिथं कोण ऐकतंय म्हणून खोटं सांगेल?"

जिन्याखाली एक मोडका बाक होता. एका पायाच्या जागी मी विटा लावलेल्या. पोरांनी त्याला नाव पाडलं होतं, पोटदुखीचा बाक. कुणाचं पोट दुखलं, डोकं दुखलं, छातीत धडधडलं, की दुसरे मास्तर दोन छड्या द्यायचे आणि दुखणं गेलं का म्हणून विचारायचे. तम्मण्णा मास्तर म्हणायचे, "जा, आडवा हो." मग मला गूळपाणी आणायला सांगायचे. मधल्या सुट्टीत येऊन जिन्याच्या पायरीवर बसायचे. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, असलं काही विचारायचे नाहीत. विचारायचे, "काल घरी जेवलं कोण नाही?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्या माणसाचं डोकं फिरलंय. पण पोरगं छताकडं बघत सांगायचं. "आई." किंवा "बाबांनी ताट सारलं." किंवा "मीच." एखादं रडायचं, एखादं झोपून जायचं. अर्ध्या तासानं उठून वर्गात जायचं.

"सोपान," ते मला म्हणाले, "मोठी माणसं भांडतात आणि झोपी जातात. ते भांडण रात्रभर जागं राहतं, आणि सकाळी पोराच्या पोटात जाऊन बसतं."

बारा ते पंधरा वर्षांची पोरं त्या बाकावर जास्त यायची. त्याचंही त्यांच्याकडं उत्तर होतं. लहान पोर रडून मोकळं होतं, मोठा माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. ह्या मधल्यांना दोन्हीची बंदी. मग त्यांचं अंग बोलतं. "आणि अंग खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "माणूस बोलतो." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पन्नास वेळा म्हटलं असेल. म्हणताना त्यांना जरा अभिमानच वाटायचा. तेव्हा मलाही वाटायचा.

एक पोरगं दर मंगळवारी लंगडत यायचं. बुधवारी जास्त, गुरुवारी बरं, शुक्रवारी पळायचं. बाप तालमीतला पैलवान, मिलमध्ये कामाला. मास्तरांनी बापाला बोलावून घेतलं. दारातून आत आला तर उजेड अडला.

"मास्तर, माझ्या पोराला पांगळा म्हनताय म्हनं तुमी."

"रोज नाही. मंगळवारी."

"म्हंजी?"

"मंगळवारी बाजार असतो. बाजारातून तुम्ही घरी कसे जाता?"

"चालत जातो की."

"सरळ?"

पैलवान मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "पोरानं सांगितलं व्हय तुमाला?"

"पोरानं काही सांगितलं नाही. गुडघ्यानं सांगितलं. आता घरी जाऊन त्याला माराल, तर दुसरा गुडघाही सांगायला लागेल."

"मग काय करू? पिऊ नगं?"

"मी सांगून तुम्ही सोडणार आहात का? बाजारातून तालमीत जा. तिथंच निजा. सकाळी अंघोळ करून घरी जा."

पैलवानानं थोडा वेळ मास्तरांच्या त्या काटकुळ्या मानेकडं बघितलं. मग पाया पडला. पोराचा गुडघा बरा झाला. पूर्ण नाही, पण मंगळवार आणि इतर वार सारखे झाले. पैलवान पुढं पेठेत कुठंही भेटला तरी लांबून ओरडायचा, "रामराम, गुडघेमास्तर."

माझ्या घरचंही सांगतो. सखू माझी थोरली, तेरावं लागलेलं; पोरगं त्यानंतर झालं. मोहोळच्या एका बिजवराशी तिचं मी ठरवत आणलं होतं. माणूस बरा, बाजारात बसायला जागा, घरात दोन म्हशी. भागूला पसंत नव्हतं. ती तसं बोलली नाही, तिनं माझ्याशी बोलायचंच सोडलं. सखू रोज सकाळी ओकायला लागली. शेजारच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पोरीला अक्कलकोटला नेलं, मठातला अंगारा लावला, उतारे टाकले. ओकणं चालूच.

मास्तरांनी माझं तोंड बघून विचारलं, "घरात कोण कोणाशी बोलत नाही?"

मला राग आला. मी म्हटलं, "मास्तर, तुमी गणित शिकवा."

"तेच शिकवतोय. घरात तीन माणसं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तिसऱ्याच्या पोटात काय उरेल?"

आठ दिवस मी त्यांना रामराम घातला नाही. नवव्या दिवशी मोहोळला जाऊन नकार देऊन आलो. भावकीनं तोंडात शेण घातलं. ओकणं काही दुसऱ्या दिवशी थांबलं नाही, पण पंधरा दिवसांनी सखूनं सकाळी उठून भाकरी मागितली. मी मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी कोटाच्या खिशातून एक लवंग काढून मला दिली, एवढंच.

असं चार-पाच जणांचं बरं झालं आणि आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं की ह्या माणसाला कळतं. त्यांनाही तसं वाटायला लागलं. घोटाळा तिथंच झाला.

माधव नावाचा पोरगा होता, चौदा वर्षांचा. त्याचे वडील नरहरपंत, कोर्टात नक्कलनवीस. म्हणजे कोर्टाचे कागद बघून हुबेहूब दुसरी प्रत उतरवायची, तो धंदा. अक्षर असं की छापल्यासारखं. त्यांच्या वडिलांचाही तोच धंदा, तेच अक्षर. पण नरहरपंतांच्या डोळ्यांवर पडदा येत चालला होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबाला कळायच्या आत पोराचा हात तयार झाला पाहिजे, एवढा एकच ध्यास. माधव शाळेतून आला की दोन ताव उतरवायचे. डाग पडला, काना हलला, की ताव फाडायचा आणि पहिल्यापासून लिहायचं. नरहरपंत ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. नुसते समोर बसायचे. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं भागू म्हणायची.

एके दिवशी माधवचा उजवा हात खांद्यापासून पडला. सकाळी उठला तर हात हलेना. वाळत घातलेल्या धोतरासारखा नुसता लोंबायचा. डाव्या हातानं उचलून तो मांडीवर ठेवायचा. डॉक्टर झाले, वैद्य झाले. तेल झालं, शेक झाले. मग नरहरपंतांनी ठरवलं की रविवारी वैदूला बोलवायचं आणि खांद्याला डाग द्यायचा. तेव्हा ती चाल होती. लोखंडाची सळई लाल करायची आणि दुखऱ्या जागेवर टेकवायची. माझ्या पोटावरही लहानपणचे दोन आहेत.

मास्तरांना हे शुक्रवारी कळलं. त्यांचा चेहरा पडला. शनिवारी शाळा अर्धी असायची. शाळा सुटल्यावर त्यांनी नरहरपंतांना बोलावून घेतलं. डाग टळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे मी शपथेवर सांगतो.

माधवला त्यांनी बाकावर उताणं निजवलं. त्याचा तो मेलेला हात मनगटाला धरून बरोबर तोंडावर उंच नेला आणि सोडून दिला. हात पडला, पण तोंडावर पडला नाही. बाजूला, छातीशी पडला. मास्तरांनी पुन्हा नेला, पुन्हा सोडला. पुन्हा बाजूला. तीनदा केलं.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. "हुबळीला असताना एका डॉक्टरानं मला हे दाखवलं होतं. हात खरंच मेला असता तर धाडकन नाकावर पडला असता. हा नाक चुकवतो. हात चांगला आहे, नरहरपंत. डाग द्यायचं काही कारण नाही."

नरहरपंतांनी वाकून तो हात डोळ्यांजवळ धरून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे हात चांगला आहे."

"हो."

"म्हणजे हा चुकवतो."

"हा नाही चुकवत. हात चुकवतो. पोराला ते ठाऊक नाही."

"हात काय परक्याचा आहे?"

मास्तर बोलत राहिले. मनावरचं ओझं, घरातली शिस्त, चार महिने लेखणी लांब ठेवा, असं पुष्कळ सांगितलं. नरहरपंतांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, उपरणं सारखं केलं, हात जोडले. "फार उपकार झाले," म्हणाले. "माझे डोळे उघडलेत."

मी रांजणापाशी उभा होतो. मला तेव्हा पोराचं तोंड दिसलं. बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात देऊन धनी निघून गेला की वासरू जसं बघतं, तसं ते मास्तरांकडं बघत होतं. मास्तर नरहरपंतांकडं बघत होते.

ते गेले तेव्हा दप्तर बाकाखालीच राहिलं. रविवारी सकाळी मास्तर छत्री घेऊन माझ्या दारात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आले असतील. "सोपान, त्याचं दप्तर नेऊन दे. आणि जरा बघून ये."

"काय बघू?"

"मला ठाऊक नाही. काल मी फार बोललो."

मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, कुणी ओ दिली नाही. आतून वास आला. मी मिलच्या बॉयलरवर पण काम केलंय, मला तो वास ओळखू येतो. सोवळं-ओवळं न बघता मी तसाच आत शिरलो.

नरहरपंत पाटावर बसले होते. पुढ्यात पेटलेली लोखंडी शेगडी. माधवचा उजवा हात त्यांनी मनगटाला धरून शेगडीच्या काठावर टेकवला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात, पदराचा बोळा तोंडात. नरहरपंत अगदी मऊ आवाजात सांगत होते, "हात चांगला आहे, बाळ. मास्तरांनी दाखवलंय. ओढ मागं. ओढलास की संपलं."

आणि पोरगं स्वतःच्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होतं. ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. "बाबा," म्हणालं, "तो ओढत नाही."

मी शेगडीला लाथ मारली. निखारे घरभर झाले. नरहरपंतांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पायताण बाहेर काढ."

मोठ्या दवाखान्यात नेलं, तोवर पोरानं हूं का चूं केलं नाही. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट ठेवता आली नाहीत.

मास्तरांना मी जाऊन सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी सगळं ऐकलं. उठून हात धुतले. पुन्हा धुतले. त्यांची आई आतून कानडीत काहीतरी विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाची घंटा झाली तरी ते वर्गात गेले नाहीत. लिंबाच्या खोडाला तोंड लावून उभे होते. पोरं खिडकीत गोळा झाली. एकही हसलं नाही. मी दुसऱ्या तासाची घंटा दिली, तेव्हा ते आत गेले.

आता पुढचं ऐका, कारण खरं वाईट पुढं आहे. महिन्या-दीड महिन्यानं पट्टी सुटली, आणि माधवचा हात खांद्यातून उचलायला लागला. कोपर वाकलं. उरलेल्या बोटांनी तो तांब्या धरायला लागला. लेखणी धरता येईना, बाकी सगळं यायला लागलं.

नरहरपंत पेढे घेऊन शाळेत आले. सगळ्यांदेखत मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं.

"मास्तर, खोड मोडली. हात उचलतो आता."

"बोटं?" मास्तरांनी विचारलं.

"बोटं गेली, त्याला इलाज नाही. पण सोंग तर गेलं. आता डावा बसवतोय. रोज दोन ताव."

मास्तरांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी खाल्लाही नाही, खाली ठेवलाही नाही. सुट्टीभर तसाच धरून बसले.

नरहरपंतांनी गावभर सांगितलं. पोरांचं सोंग ओळखावं तर तम्मण्णा मास्तरांनी. मग रविवारी मास्तरांच्या दारात माणसं यायला लागली. आधी दोन, मग पाच, मग ओट्यावर बसायला जागा पुरेना. कुणाच्या पोरीला फिट यायची, कुणाचं पोरगं बोलताना अडायचं, कुणाचं चौदा वर्षांचं होऊन अंथरूण ओलं करायचं. बाप हात जोडून म्हणायचे, "मास्तर, तेवढा हात पाडून बगा की. खोटं आसंल तर आमी बगतो पुढचं."

आमी बगतो पुढचं. हे शब्द ऐकले की मला ती शेगडी दिसायची. मास्तरांनाही दिसत असणार. पाणी द्यायला म्हणून मी रविवारी तिथं असायचो, म्हणून सांगतो. त्या माणसानं, ज्यानं जन्मात खोटं खपवून घेतलं नाही, त्यानं तिथं बसून खोटं बोलायला सुरुवात केली. प्रत्येक पोराची नाडी धरायची, डोळे मिटायचे, आणि बापाला सांगायचं, "सोंग नाही. मोठा आजार आहे." कुणाच्या काळजाला सूज सांगितली, कुणाच्या मेंदूत वारा. नावंसुद्धा बनवलेली. औषध एकच. दोन महिने पोराच्या अंगाला बोट लावायचं नाही, वर आवाज काढायचा नाही, ताट पुढ्यात वाढून द्यायचं.

एकानं घाबरून विचारलं, "मरंल का वो पोरगी?"

मास्तर म्हणाले, "मारलंत तर मरेल."

तो बाप पोरीला काखेत उचलून, तडा गेलेलं मडकं न्यावं तशी जपून घेऊन गेला. मला बरं वाटलं. मास्तरांना वाटलं नाही. त्यांच्या गालांची हाडं वर आली होती. एक पोरगं खरंच तापानं फणफणलेलं होतं, त्याच्या घरी ते दिवसातून दोनदा जाऊन बघून यायचे, दवाखान्यात नेलं की नाही म्हणून. मला म्हणाले, "सोपान, आता मला खरं काय आणि खोटं काय ते दिसेनासं झालंय. सगळी आजारीच दिसतात. आणि माधव समोरून आला की मी गल्ली बदलतो."

शाळेच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, मास्तरांनी शिकवावं, दवाखाना मांडू नये. मास्तर भांडले नाहीत. त्यांची आई तोवर वारली होती. मोहोळच्या पुढं एका खेड्यात बोर्डाच्या शाळेत त्यांनी जागा बघितली. मी आणि भागूनं सामान बांधलं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. भागूनं विचारलं, "मास्तर, तितं तरी बाक ठिवनार का?" ते म्हणाले, "नाही." एवढंच.

ज्या दिवशी ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी नरहरपंत शाळेत आले. माधव त्या दिवसापासून घरात नव्हता. त्यांनी मला उभं आडवं विचारलं. मी म्हटलं, "मास्तर मोहोळच्या मोटारीत चढताना मी ह्या डोळ्यांनी बघितलं. एकटे व्हते." नरहरपंत मोहोळला गेले. तिथल्या मोटारस्टँडवर त्यांना मास्तरांची ट्रंक आणि वळकटी मिळाली. माणूस मिळाला नाही. पोरगंही नाही. पोलिसांत वर्दी दिली, दोन दिवस मलाही बसवलं. मी तेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मास्तर मोटारीत एकटेच चढले होते. पुढचं मला कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

पुढचं असं. ट्रंक टपावर चढली होती. मास्तर ड्रायव्हरशेजारी बसले होते, छत्री गुडघ्यांत. मोटार घरघरायला लागली तेवढ्यात माधव आला. पळत नव्हता, चालतच आला. काखेत गाठोडं होतं, लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. दशम्यांचा वास येत होता. प्रवासाच्या दशम्या चौदा वर्षांचं पोरगं स्वतः करत नाही. त्या घरातली बाई माझ्यासमोर एक शब्द कधी बोलली नव्हती, पण ते फडकं तिचं होतं.

पोरगं मास्तरांच्या बाजूला उभं राहिलं आणि डावा हात पुढं केला.

"मास्तर, आता ह्याला मुंग्या येतात."

मास्तरांनी हाताला हात लावला नाही. "कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. आईला सांगितलं."

मास्तर समोरच्या काचेकडं बघत बसले. मला वाटलं आता हा माणूस पुन्हा काहीतरी समजावून सांगणार, आणि मला भीती वाटली. त्यांनी काही सांगितलं नाही. दार उघडून खाली उतरले.

"मास्तर, येताय का न्हाई?" ड्रायव्हर म्हणाला. "मला टाइम हाय."

"ट्रंक मोहोळला उतरवून ठेव."

"आन् तुमी?"

मास्तरांनी दार लावून घेतलं. मोटार धुरळा उडवत गेली. ते माझ्याकडं वळले. मला वाटलं, काही सांगतील, निरोप देतील. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली. कशाला हलवली ते मलाही नीट माहीत नाही.

ते अक्कलकोटच्या रस्त्याला लागले. ऊन चढत होतं. मास्तरांनी छत्री उघडली आणि पोराच्या बाजूला धरली, स्वतः उन्हात. बराच वेळ दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालत होते. वळणापाशी लिंगायतांच्या मळ्याचा बांध लागतो, तिथं पोरानं गाठोडं डोक्यावर घेतलं, उजव्या हाताच्या तीन बोटांनी धरलं, आणि डावा हात मास्तरांच्या हातात दिला. लांब होते, पण माझी नजर तेव्हा चांगली होती. पोराची बोटं मास्तरांच्या मनगटाभोवती मिटलेली मी बघितली. घट्ट मिटली होती.